आजाऱ्याला शीव मोकळी

हा आजार मला कसा झाला, हे या लिखाणात सापडणार नाही. लोकांचा पहिला प्रश्न तोच असतो, म्हणून आधीच सांगून टाकते. साखरेचा आजार झालेल्या माणसाला कुणी विचारत नाही की तुला तो कुणाकडून आला. माझं नाव आणि माझ्या गावाचं नावही मी लिहीत नाही. येळ्ळूरच्या बाजूचं, बेळगावला लागून असलेलं एक गाव, एवढं पुरे.

मग लिहितेय कशाला? वॉर्डात पडून होते तेव्हा मी मोबाईलवर खूप शोधलं. इंग्रजीत सगळं होतं, पण ते शरीराबद्दल होतं. मराठीत भिंतीवर लिहितात तशी वाक्यं होती. मला हवं होतं ते माझ्यासारख्याच एखाद्या मुलीनं लिहिलेलं. गोळ्या आणायला जाताना घरातून काय सांगून निघायचं, रांगेत ओळखीचं कुणी दिसलं तर काय करायचं, आपलं ताट वेगळं ठेवलं जातं तेव्हा जेवायचं कसं. ते मिळालं नाही. म्हणून हे.

ओके

सुरुवात तापानं झाली. ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. मी एका साडीच्या शोरूममध्ये बिलिंगचं काम करते. उभं राहून करायचं काम नसतं, तरी संध्याकाळी गुडघे थरथरायचे. वजन उतरत गेलं तसं शोरूममधल्या मुली म्हणायच्या, "बारीक झालीस, काय खातेस सांग की." मग खोकला लागला. गावातल्या डॉक्टरांचं औषध झालं, बेळगावातल्या दुसऱ्या डॉक्टरांचं झालं. शेवटी एका मोठ्या दवाखान्यात मला भरती केलं आणि बऱ्याच तपासण्या झाल्या. टीबी निघाला. मला बरंच वाटलं. टीबी बरा होतो.

दुसऱ्या दिवशी एक बाई पलंगाशी आल्या आणि म्हणाल्या, "चालतंय का? जरा बाजूच्या खोलीत येता?" त्या समुपदेशक होत्या. खोलीत दोन खुर्च्या होत्या आणि खिडकीत वाळत घातलेला एक टॉवेल. त्या मराठीतून सावकाश बोलत होत्या. मी त्या टॉवेलाकडे बघत होते.

"कळलं का मी काय सांगितलं ते?"

"ओके," मी म्हणाले.

"काही विचारायचंय?"

"ओके."

त्या दिवशी मी दुसरा शब्दच बोलले नाही. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. आठवीत असताना याच आजाराच्या जनजागृतीची पोस्टर स्पर्धा झाली होती आणि मी लाल रिबिनीचं चित्र काढून दुसरा नंबर मिळवला होता. ती अक्षरं मला फक्त इंग्रजीतून माहीत होती. कार्डशीटवर, स्केचपेननं. आईला ती मराठीतून कशी सांगायची, हे शाळेनं शिकवलं नव्हतं.

आई बाहेर बाकावर बसली होती. मी तिच्या शेजारी बसले आणि ती अक्षरं तशीच म्हटली. तिला कळायला थोडा वेळ लागला.

"म्हंजी ते टीव्हीवर सांगत्यात ते?"

मी मान हलवली.

आई रडली नाही. तिनं इकडेतिकडे बघितलं, पदर नीट केला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "गावात डेंगी म्हणून सांगायचं. आप्पाला मी सांगती. दुसऱ्या कुणाला न्हाय."

आजाराला माझ्या शरीरात जागा मिळून बरेच दिवस झाले असतील. त्याला खोटं नाव मात्र पाच मिनिटांत मिळालं.

ऊटा आयता?

वॉर्डातल्या दिवसांची आठवण वाईट नाही, हे मला स्वतःलाच नवल वाटतं.

सकाळी फरशी पुसायला बाई यायच्या, फिनेलचा वास यायचा. मग डॉक्टरांची फेरी. मग गोळ्या. मग दुपारपर्यंत काही नाही. माझा पलंग खिडकीजवळ होता आणि खिडकीतून दवाखान्याच्या आवारातलं चिंचेचं झाड दिसायचं. त्याखाली नातेवाईक डबे उघडून बसायचे. आप्पा रोज डबा घेऊन यायचे. ते वॉर्डात येत, डबा ठेवत, पंख्याकडे बघत आणि म्हणत, "पंखा फिरतोय न्हवं?" पंखा रोजच फिरायचा. माझ्या आजाराबद्दल आप्पा त्या पूर्ण काळात माझ्याशी एकही वाक्य बोलले नाहीत. आमच्यात फक्त पंखा होता.

एक सिस्टर होत्या, हुक्केरीकडच्या. त्यांना मराठी फारसं येत नसे आणि माझं कन्नड शाळेतल्या तिसऱ्या भाषेपुरतं. त्या दुपारी माझ्या पलंगाशी थांबून विचारायच्या, "ऊटा आयता?" जेवण झालं का, एवढंच. मी म्हणायचे, "आयतू." मग त्या माझ्या कपाळाला हात लावायच्या. हातमोजा न घालता. सुई टोचताना त्या सगळ्यांसाठी घालायच्या, कपाळासाठी कुणासाठीच नाही. हे मी दोन-तीन दिवस बारकाईनं पाहिलं. मला सवय आहे बघत बसायची. शेजारच्या पलंगावर पोटाचं ऑपरेशन झालेली आजी होती, तिच्या कपाळालाही त्या तसाच हात लावायच्या. आमच्या दोघींच्या कपाळांत त्यांनी फरक केला नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा पूर्ण डबा खाल्ला.

भीती वाटायची ती दिवे मालवल्यावर नाही, तर भेटायच्या वेळेला. दारातून येणारा प्रत्येक चेहरा आमच्या गावचा वाटायचा.

नाव घातलेलं ताट

मी घरी आले तेव्हा स्वयंपाकघरात एक नवीन ताट होतं. त्याच्यासोबत तांब्या, वाटी आणि पेला. स्टीलचं, जाड, चांगल्यातलं. ताटाच्या काठावर मशीननं माझं नाव घातलं होतं.

आमच्याकडे भांड्यांवर नाव घालतात ते लग्नात द्यायची असतात म्हणून, नाहीतर जत्रेत इकडेतिकडे जाऊ नयेत म्हणून. घरातल्या एका माणसाचं नाव घातलेलं ताट मी कधी पाहिलं नव्हतं.

"तुझ्यासाठी बाजारातनं आणलं," आई म्हणाली. "बघ, अक्षर किती झ्याक काढलंय."

अक्षर खरंच चांगलं होतं. मी त्या ताटात जेवले. आईनं ते वेगळं घासलं आणि फडताळाच्या वरच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागं ठेवलं. बाकीची ताटं ओट्याशेजारच्या मांडणीत उभी असतात, ज्याला हवं त्यानं ओढून घ्यावं अशी. माझ्या ताटासाठी पाट घेऊन वर चढावं लागायचं. चुकून कुणाच्या हाताला येणार नाही अशी ती जागा आईनं शोधली होती.

समुपदेशक बाईंनी आईला सांगितलं होतं की जेवणातून, भांड्यातून, शिवण्यातून हे पसरत नाही. आईनं मान हलवून ऐकलं होतं. पण मान हलवणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. मीही ओके म्हणाले होते.

मी तिला काही बोलले नाही. ती माझ्यासाठी भाकरी करताना सगळ्यात आधीची, फुगलेली भाकरी बाजूला काढायची. तूप जास्त घालायची. आणि मग पाटावर चढून ते ताट काढायची. प्रेम आणि भीती एकाच हातानं वाढलेली मी त्या वर्षभर जेवले.

निपाणीची बस

टीबीचं औषध काही महिन्यांनी संपलं. या आजाराच्या गोळ्या सरकारी केंद्रावर फुकट मिळतात. रोज एक, आयुष्यभर, न चुकता. न चुकता हे शब्द प्रत्येकजण सांगतो. बेळगावात केंद्र आहे, माझ्या शोरूमपासून रिक्षानं दहा मिनिटांवर. पण ते केंद्र ज्या दवाखान्यात आहे तिथं आमच्या गल्लीतली रेखाताई नोकरीला आहे. रेखाताई म्हणजे आमच्या गल्लीचा रेडिओ. कुणाच्या घरी पाहुणे कुठून आले हे त्या घराआधी तिला कळतं.

म्हणून मी निपाणी निवडली.

शोरूमला मंगळवारी सुट्टी असते. मी मंगळवारी सकाळी निघायचे. गावात सांगायचं, निपाणीला मैत्रीण आहे. बसमध्ये खिडकीशी बसायचं, ओढणी कानावरून घ्यायची. हत्तरगी, संकेश्वर, आणि मग तंबाखूचा वास आला की उतरायची तयारी. सुरुवातीला दर महिन्याला जावं लागायचं. तब्येत सुधारली तसे तीन महिन्यांचे डबे एकदम मिळायला लागले.

दुसऱ्या का तिसऱ्या खेपेला मी बाकावर बसले होते. शेजारी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. कपाळावर कुंकू नाही, हिरवट इरकल नेसलेलं, हातात वायरची पिशवी. मी वर बघितलं. आमच्या गावातल्या शांताक्का. खालच्या गल्लीतल्या, घरोघर दही घालणाऱ्या. आमच्या घरीसुद्धा.

मी ओढणी आणखी पुढं ओढली. त्यांनीही मला ओळखलं असणार, कारण त्यांच्या हातातली पिशवी खाली टेकली. आम्ही दोघी गावापासून इतक्या लांब एकमेकींपासूनच लपायला आलो होतो.

"सुमनची लेक न्हवं तू?" त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली.

"हं. मी तुला बघिटलं न्हाय. तू मला बघिटलं न्हाईस. झालं? आता सरक जरा, बसू दे. गुडघं लागल्यात."

मी सरकले. त्या बसल्या. बऱ्याच वेळानं त्यांच्या खांद्याचा हादरा जाणवला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या.

"कशाला हसताय, आक्का?"

"तसं न्हवं गं. मी गावात लेकीकडं जाती म्हणून सांगती. तू काय सांगितलईस?"

"मैत्रिणीकडे."

"म्हंजी मी तुझी मैत्रीण आणि तू माझी लेक. खोटं काय सांगिटलं आपण?"

त्या दिवसापासून परतीची बस आम्ही एकत्र पकडू लागलो. आक्का जुन्या होत्या. त्यांच्या नवऱ्याला हाच आजार होता. तो गेला, त्या राहिल्या. त्या बाकावरच्या लोकांकडे बोट न दाखवता, नुसत्या भुवईनं दाखवून सांगायच्या. "त्यो पांढऱ्या टोपीचा कागलचा. ही बाई गडहिंग्लजची. निपाणीचं हिथं कोणबी न्हाय बघ."

"मग निपाणीचे कुठं जातात?"

"बेळगावला! न्हायतर कोल्हापूरला."

म्हणजे आम्ही सगळ्यांनी आपापली गावं एकमेकांत बदलून घेतली होती. ज्याच्या त्याच्या घराजवळ गोळ्या होत्या आणि जो तो बसचं तिकीट काढून दुसऱ्याच्या गावात आजारी पडत होता.

एकदा मी विचारलं, "आक्का, आधी कसं होतं इथं?"

"पयलं?" त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "पयलं माणसं चादरीत घालून आणायची. एकदा आत गेलं की महिना महिना बाहेर न्हाय. माझ्या मालकाची खाट तर पार टोकाला, संडासाजवळ. तिथं जेवण ठिवायची आणि पळायची. आता बघ की. डबा घिऊन येत्यात, गोळ्या घेत्यात, दुपारच्या बसनं माघारी. मरायला कोण येत न्हाय हिथं आता. आल्यावर भांडणं करत्यात, पंखा लावा म्हणून."

मी मोजदाद केली नाही, पण बाकावर बसून मलाही ते दिसत होतं. आजारी दिसणारे लोक कमी होते. एक तरुण जोडपं बाळाला घेऊन यायचं, आणि बाळ ठणठणीत होतं. एक काका पेपरातलं कोडं सोडवत बसायचे. वॉर्डातून सुरू झालेला माझा दवाखाना महिन्याच्या फेरीवर आला होता, मग तीन महिन्यांच्या. दवाखाना माझ्या आयुष्यातून मागं सरकत होता. तो जितका मागं सरकेल तितकी मी बरी, असा माझा हिशोब होता. त्यातच मी फसले.

वार

आमच्या गावची लक्ष्मीची जत्रा दरवर्षी नसते. बऱ्याच वर्षांनी येते. येते तेव्हा रंगरंगोटी होते, पैपाहुण्यांना आवतणं जातात आणि जत्रेआधीचे मंगळवार, शुक्रवार पाळले जातात. त्याला वार म्हणतात. वाराच्या दिवशी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत गावाबाहेर कुणी जायचं नाही, बाहेरच्यानं आत यायचं नाही. रस्त्यावर शिवेला आंब्याच्या पानांची माळ आडवी बांधतात आणि तिथं माणसं बसवतात.

माझ्या गोळ्या संपत आल्या आणि माझे मंगळवार बंद झाले.

वाचणाऱ्याला वाटेल, दुसऱ्या दिवशी जायचं. पण शुक्रवारी वार म्हणून मी शोरूमला दांड्या मारतच होते आणि मालकांनी ऐकवलं होतं, "तुमच्या लक्ष्मीला सांगा, आमच्यापण लक्ष्मीकडं बघ जरा." आणखी रजा मागायची तर कारण लागतं. माझी कारणं संपली होती. गोळ्या अजून थोड्या होत्या. मी ठरवलं, दिवसाआड घ्यायच्या. एक गोळी दोन दिवसांना पुरवायची, म्हणजे जत्रा होईपर्यंत निभेल. शाळेत मला गणितात चांगले मार्क पडायचे.

मला काही होतही नव्हतं. हेच या आजाराचं वाईट. गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी काही दुखत नाही. फक्त थोड्या दिवसांनी एक बारीक खोकला आला. रंगकामाच्या धुळीनं असेल म्हणून सोडून दिला.

शांताक्का दही घालायला आल्या तेव्हा मी अंगणात खोकत होते. त्यांनी चरवी खाली ठेवली.

"गोळ्या आणलीस न्हवं?" हळूच.

"वार आहे ना. जत्रा झाल्यावर जाते. आहेत थोड्या, दिवसाआड घेतेय."

मला वाटलं होतं त्या रागावतील. त्या रागावल्या नाहीत. त्यांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता.

"असंच दिवसाआड घेत हुतं माझं मालक," त्या म्हणाल्या. "पुरवून पुरवून. कुणाला कळू ने म्हणून. मग त्यास्नी गोळ्याच लागू पडंनात."

चरवी तशीच अंगणात ठेवून त्या आमच्या उंबऱ्यापाशी गेल्या. आई आत चटणी कुटत होती.

"सुमन, बाहेर ये."

"काय आक्का? दही जास्त घालू नगा आज..."

"तुझी लेक गोळ्या चुकवाय लागल्या."

कुटायचा आवाज थांबला. आई दारात आली. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, मग आक्कांकडे. "कसल्या गोळ्या? डेंगी झालतं तिला. बरी हाय आता."

"मला कसं म्हाईत ते इचारू नगो," आक्का म्हणाल्या. मग उंबऱ्यावर बसल्या आणि पदरानं मान पुसली. "न्हाय, इचारच. मीबी त्याच गोळ्या घेती. तू घरात वाढतीस ते दही माझ्या हातचं हाय, इतकी वर्सं. आता काय टाकायचं ते टाक."

गावात जे एकाही माणसाला त्यांनी सांगितलं नव्हतं, ते त्यांनी आमच्या उंबऱ्यावर बसून सांगून टाकलं. माझ्यासाठी.  आई चटणीचे हात तसेच धरून उभी होती.

"आज मंगळवार हाय," आई शेवटी म्हणाली.

"व्हय. पर दवाखाना उघडा हाय."

शीव

आम्ही निघालो तेव्हा ऊन चढलं होतं. आई पुढं, मी मागं. आक्का म्हणाल्या, "मी हिथंच बसती. दोघीच्या दोघी जावा." शिवेवर माळेखाली गावचे गुरव, ज्यांना सगळे बाळाप्पा म्हणतात, खुर्ची टाकून बसले होते. आजूबाजूला पाच-सहा माणसं आणि त्यांना पाणी द्यायला कळशी घेऊन बसलेल्या दोघी बायका.

"सुमन, कुठं निघालीस गं? वार हाय आज."

माझ्या मनात उत्तरं रांगेनं उभी राहिली. मैत्रीण. परीक्षा. शोरूमचं अर्जंट काम. गेल्या वर्षभरात मी इतकी सांगितली होती की ती आपोआप ओठांवर यायची. मी तोंड उघडलं. आईनं मागं न बघता हात माझ्या मनगटावर ठेवला. चटणीचा तिखट हात.

"पोरगी आजारी हाय माझी," आई म्हणाली. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "दवाखान्याला न्यायची हाय."

कळशीवरची बाई म्हणाली, "अगं बया! काय झालंय गं?"

"आजार झालाय."

"पर कसला?"

"आजाराला नाव इचारत्यात व्हय, इंदू? बाळंत झाल्यावर बाळाचं इचारत्यात. आजार हाय, औषध चालू हाय. बरी व्हायल्या माझी पोरगी."

 मी जमिनीकडे बघत होते. आता काहीतरी होईल असं मला वाटत होतं. काय, ते माहीत नव्हतं.

बाळाप्पा काठीवर जोर देऊन उठले. त्यांनी काठीच्या टोकानं आंब्याची माळ उचलून धरली, आम्हाला वाकावं लागू नये इतकी वर.

"मग हुबी का ऱ्हायलीस? आजाऱ्याला शीव मोकळी असती. पयल्यापासनं हाय ते. बाळंतिणीला आणि आजाऱ्याला लक्ष्मी अडवत न्हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "इतके मंगळवार गप का बसलीस, पोरी? सांगायचं की."

गावात वाढूनही हा नियम मला माहीत नव्हता. आजारी आहे म्हणायचीच वेळ मी कधी येऊ दिली नव्हती, तर सूट कुठून कळणार? आम्ही वर्षभर धडपडत होतो ते लपून जायला, आणि उघड जाणाऱ्यासाठी वाट आधीपासून होती.

मागून मोटारसायकलचा आवाज आला. आप्पा. घरी बसलेल्या आक्कांनी त्यांना सांगितलं असणार. ते मला म्हणाले, "बस मधी." आम्ही तिघं एका गाडीवर, वाराच्या दिवशी, सगळ्या गावादेखत शिवेपार गेलो. येळ्ळूरच्या वेशीपर्यंत कुत्री मागं लागली होती. बऱ्याच वेळानं आप्पा वाऱ्यात मोठ्यानं म्हणाले, "गोळी चुकवायची न्हाय बघ." त्या आजाराबद्दल माझ्याशी बोललेलं त्यांचं पहिलं वाक्य.

निपाणी लांब होती. आम्ही बेळगावच्याच दवाखान्यात गेलो.

रेखाताई

खिडकीवर रेखाताईच होती. मी ओढणी कानावर घेईपर्यंत उशीर झाला होता. तिनं मान वर केली, माझ्याकडे, आईकडे बघितलं आणि म्हणाली, "टोकन घ्या. तिकडं बसा. पुढचे कोण?"

एवढंच. जणू आम्ही तिला कधी दिसलोच नव्हतो.

डॉक्टर रागावले, पण माझ्यावर जितके, तितकेच दिवसाआडच्या युक्तीवर. रक्त तपासायला घेतलं. तूर्त पुरतील एवढ्या गोळ्या मिळाल्या, आणि पुढच्या खेपेपासून माझं नाव निपाणीहून इथंच आणायचं ठरलं. तिथल्या समुपदेशक बाईंनी आईलाही सगळं समजावून सांगितलं. उठायच्या वेळी तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"एक इचारू का? मी हिचं ताट येगळं ठिवलंय. वर, फळीवर. तसं करायचं असतंय न्हवं?"

"नाही, काकू. गरजच नाही."

"मला पयल्यांदाबी असंच सांगितलतं कुणीतरी."

"मग?"

आई थोडी हसली. "मग काय. कानानं ऐकलं हुतं. हातानं न्हाय."

बाहेर पडताना रेखाताई जिन्यात भेटली. आजूबाजूला कुणी नाही हे बघून ती थांबली. "घाबरू नको गं. हिथं मी कुणाला वळखत न्हाय. गावात आलं की वळखीन." दोन पायऱ्या उतरून पुन्हा वळली. "आणि जत्रेला मटण कोण करणार हाय तुमच्यात? तुझ्या आईच्या हातचं असलं तर मी येणार."

रेडिओ म्हणून मी जिला घाबरून बसची इतकी तिकिटं काढली, ती वर्षानुवर्षं रोज किती जणांना न ओळखता घरी येत होती, कोण जाणे.

जत्रा

बारीक खोकला गोळ्या नियमित झाल्यावर गेला. पुढे झालेल्या तपासणीत विषाणू सापडलाच नाही. तो शरीरात आहे, पण दाबून ठेवलेला आहे, हे मला समजावून सांगितलंय. तो तसाच राहावा यासाठी मला रोज एक गोळी घ्यायची आहे. आता मी ती रात्रीचं जेवण झाल्यावर सगळ्यांदेखत घेते. दवाखाना आता दहा मिनिटांवर आहे आणि वर्षात मोजक्या वेळा लागतो. शोरूममध्ये मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगेन की नाही, माहीत नाही. ते माझं मी ठरवणार. शिवेवर आईनं जेवढं सांगितलं तेवढंच सांगूनही वाट मोकळी होते, हे मला कळलंय.

हे वाचणाऱ्या कुणाला आज पहिल्यांदा ती अक्षरं ऐकायला मिळाली असतील, तर तिला मी एवढंच म्हणेन: जवळचा दवाखाना निवड. लांबच्या गावात कुणी ओळखणार नाही असं वाटतं, पण तिथंही आपल्याच गावची शांताक्का बसलेली असते. आणि ती भेटली तर जरा सरकून तिला जागा दे.

एक सांगायचं राहिलं, त्या जत्रेचा मुख्य दिवस. आमच्या घरी सकाळपासून पंक्तीवर पंक्ती उठत होत्या. मामा, मावश्या, आप्पांचे बाजारातले दोस्त, शोरूमच्या मुलीसुद्धा. रेखाताई आली आणि तिनं दारातूनच मला हाक मारली, "काय गं, वळख हाय का न्हाय?" शांताक्का दह्याची चरवी घेऊन आल्या आणि पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत येऊन पंगतीला बसल्या. इंदूमावशी, ती कळशीवरची, त्यांच्या शेजारी होती.

आमच्याकडे घरातल्या बायका शेवटी जेवतात. सगळं आवरल्यावर मी माझं ताट घ्यायला आत गेले. पाट सरकवला, वर चढले, पिठाच्या डब्यामागं हात घातला. ताट नव्हतं.

खाली बघितलं तर आई चुलीजवळ मांडी घालून जेवत होती. तिच्यासमोर माझं ताट होतं. काठावरच्या माझ्या नावावर रस्सा सांडला होता. मांडणीत दहा-बारा ताटं धुऊन ठेवलेली होती.

मी पाटावर तशीच उभी होते. आईनं वर बघितलं आणि घास गिळला.

"काय बघतीस? भूक लागलती. हाताला आलं ते घेतलं," ती म्हणाली. "तूबी घे की त्यातलं एक."

ते ताट सहज हाताला येईल अशा जागी कधीच नव्हतं. मी पाटावरून उतरले, मांडणीतलं पहिलं ताट ओढलं आणि तिच्यासमोर बसले.